धरणीची धार

माय, सकाळपासून दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, तोही गार झाला. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मला आजही एका जागी बसवत नाही. तू असतीस तर हिच्या पायाला भिंगरी म्हणून मोकळी झाली असतीस. पण आज ऐकून घे. तुझ्या गाईचं सांगायचंय, आणि कुडापलीकडच्या काकूचं.

कापसानं गावाची झोप उडवली होती ती वर्षं. कुणीतरी वर ठरवलं की कापूसवाल्यांना दुभती जनावरं द्यावीत, आणि मुकुटबनच्या आपल्या दारात ती भली मोठी संकरित गाय येऊन उभी राहिली. बैलाचं खांद्यापासून खुरापर्यंत सगळं कळायचं आपल्या गावाला, दुभत्या गाईचं मात्र काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिला ऊन सोसत नसे. तू तिच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकायचीस आणि मला भर उन्हात कापसाची पऱ्हाटी उपटायला धाडायचीस. मला तिचा हेवा वाटायचा, खरंच सांगते. पण रस्त्यावरच्या हॉटेलात तिचं दूध जायचं, त्यावर घर चालायचं, माझं कॉलेज चालायचं. दुसरं भरवशाचं काहीच नव्हतं आपल्याकडे.

तू धारेला बसलीस की प्रत्येक सडाची पहिली धार धरणीला. आजीनं तुला शिकवलेलं, तिला तिच्या आईनं. आणि ती धार सोडताना तू मान वळवायचीस, कारण दिलेलं पाहायचं नसतं. मी एकदा वाकून बघितलं तर पाठीत धपाटा बसला. "धरणीचं हाय ते. कायले पाह्यतं व?" म्हणालीस. मग मीही बघणं सोडलं.

एका दुपारी काकू लुगड्याचा पदर खोचत कुडातल्या फटीतून आली, गाईकडे बघत राहिली आणि म्हणाली की एवढी भरलेली कास तिनं जन्मात पाहिली नाही. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी कास तापली. मागचा एक सड दगडासारखा, हात लावला की गाय लाथ झाडते आहे, आणि भांड्यात दुधाऐवजी पिवळं पाणी. दगडी झाली, गावात म्हणाले. तू मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यास. ठसका लागला नाही, म्हणजे नजर पक्की. डॉक्टर पांढरकवड्याहून येईपर्यंत दुसराही सड गेला होता. मग गाय बाजारात गेली, आणि तू कुडाच्या फटीत बाभळीच्या काट्या लावल्यास. ज्या बाईनं माझ्या जन्माच्या वेळी तुझे पाय दाबले होते, तिच्याशी तू मरेपर्यंत बोलली नाहीस. मला राग येतो तुझा. अजून येतो.

मी त्यानंतर जनावरांच्याच कामाला लागले हे तुला माहीत आहे. आता गावोगाव बायकांना सांगत फिरते. धार काढण्याआधी कास धुवा, कोरडी पुसा. पहिली धार काळ्या ताटलीत घ्या आणि डोळे फाडून बघा, कण दिसतात का, गाठी दिसतात का. दुखरा सड शेवटी पिळा, पण पिळा, दूध आत ठेवू नका. धार झाली की गाईला वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत ती खाली बसणार नाही. हे सांगताना प्रत्येक वेळी मला तुझी वळवलेली मान दिसते. काकू त्या दुपारी येण्याच्या आधीपासूनच त्या पहिल्या धारेत कण पडत असणार, आणि ते आपण मातीला देत होतो. तू विचारलंच असतंस तर हे तुला कसं सांगितलं असतं, मला अजून कळत नाही.

परवा काकूचाच निरोप आला. आता तिच्याकडे गाय आहे, एक सड गरम लागत होता. मी गेले. ताटलीत धार घेतली तर फाटल्या दुधासारखे बारीक कण. लवकर सापडलं होतं. सड रिकामा केला, त्यात औषधाची ट्यूब सोडली, आणि मी सांगेपर्यंत कुठल्याच सडाचं दूध विकायचं नाही, प्यायचं नाही, असं बजावलं. काकू ताटलीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "तुह्या मायच्या गाईले बी हेच झालतं?"

मी हो म्हणाले. सगळं सांगितलं, धरणीच्या धारेसकट. ती खाली बसली. एवढी वर्षं ती कुणाच्या गोठ्यात गेली नव्हती, कुणाचं तान्हं मूल मांडीवर घेतलं नव्हतं, हे तिनंच सांगितलं. आपली नजर वाईट आहे असं तिलाही वाटायला लागलं होतं, माय.

"म्हंजे मी नव्हती," ती म्हणाली. उठून बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मरतेवेळी तिचा राग गेलता काय व माह्यावरचा?"

मला दवाखान्यातली तू आठवलीस. काकूनं आंबील करून पाठवली होती, आणि कुणाकडून आली ते कळल्यावर तू भिंतीकडे तोंड फिरवून घेतलंस. तो डबा मी बाहेरच्या बाकावर बसून संपवला होता.

"गेलता, काकू," मी म्हणाले. "तुह्यंच नाव घेत होती शेवटी."

काकू रडली, आणि मग तिनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तिला वाचता येतं, आणि आता ती माझ्याकडे यायची आहे, तेव्हा हा कागद घरात ठेवून चालणार नाही. मी तुझ्या तोंडी खोटं घातलंय, माय. तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा घालणार आहे.