शेटजीचा गाल

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

झुंबरबाईला आज छावणीतून परत पाठवलं. पदराखाली आजारी कोंबडी घेऊन आली होती — गुरांच्या डॉक्टरांना दाखवायची म्हणे! इथे डोळ्यांदेखत बैल बसतायत, उठवायला चार-चार गडी लागतायत, आणि हिचं कोंबडीचं कौतुक! सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, ही गुरांची छावनी हाय. आज कोंबडी आनली, उद्या उंदीर आनशील!" लोक हसले. मीही हसलो. छावणी कमिटीच्या अध्यक्षाला एवढं कडक राहावंच लागतं.

झुंबरबाई कोंबडी पदरात घेऊन गेली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

शेटजी खात नाही.

शेटजी म्हणजे पुष्पाचा हॅमस्टर. जावई पुण्याला औषधांच्या प्रयोगशाळेत, तिथून त्यांनी घरी आणलेला. दिवाळीत लेक माहेरी आली ती याला सोडून गेली. "आण्णा, बिऱ्हाड बदलतोय, महिनाभर सांभाळा." महिना कसला, न्यायचं नावच नाही! मी तरी कुठे लिहितोय, घेऊन जा म्हणून? मूठभर जीव, बदामी रंग, शेपूट नावापुरती. द्याल ते दाणे गालांत कोंबतो आणि पुन्हा हात पुढे. म्हणून मीच नाव ठेवलं शेटजी. गाव उंदीरच म्हणणार, तेव्हा गावाला दाखवलाच नाही. माझ्या तळहातावर बसून ज्वारी खातो हे फक्त हिला, पुष्पाच्या आईला, ठाऊक.

आज उजवा गाल टम्म. वाटलं, दुष्काळ पडलाय, केला असेल साठा! पण दाणा पुढे धरला तर तोंड फिरवलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गाल तापलाय. बोट लावलं तर किंचाळला. एवढासा आवाज, पण काळजात गेला.

बहुतेक आतून कुसळ टोचलंय. परवा मीच अख्खं कणीस दिलं होतं, लाडाने. हिने हळद गरम करून लावली. म्हणाली, "आवं, डॉक्टर तर रोज छावनीत येत्यात. न्या की टोपीत घालून."

"काय सांगू त्यास्नी? अध्यक्षाचा उंदीर आजारी हाय?"

"मग ऱ्हाऊ द्या. मरू द्या त्याला तुमच्या अध्यक्षपणापायी."

जेवण गेलं नाही. हीसुद्धा जेवली नाही. दुपारभर कुठे गेली होती कोण जाणे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मनाचा हिय्या करून डॉक्टरांजवळ गेलो. शब्द अगदी ओठावर होता. तेवढ्यात देवळालीहून चाऱ्याला उसाच्या वाढ्यांचा ट्रक आला. माणसं भोवती जमली, "आण्णा, आमच्या दावणीला किती?" आणि माझ्या तोंडून निघालं — "डॉक्टर, आमच्या करडाचा गाल सुजलाय."

करडू! घरात शेळी नाही आमच्या!

डॉक्टर म्हणाले, "आणा इकडे."

"चालवत न्हाई त्याला."

"मग उद्या मीच येतो घरी."

एक खोटं झाकायला आता करडू शोधा! पन्नाशी गाठली आणि पोरासारखा फसलो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हात लिहायला वळत नाही. तरी लिहितो.

सकाळी करडू मागायला गेलो. कुणाकडे? झुंबरबाईकडे! गावातल्या बाकीच्यांनी शेळ्यांना केव्हाच बाजार दाखवला. कुठल्या तोंडाने उभा राहिलो तिच्या दारात, माझं मला माहीत. तिने कशाला म्हणूनसुद्धा विचारलं नाही. "न्या की आण्णा," म्हणाली आणि दावं हातात दिलं. कोंबडीची चौकशी करायची होती. अंगणात कोंबडीचं डालगं रिकामंच पडलेलं दिसलं. मग विचारवलं नाही.

डॉक्टर फटफटीवरून आले. करडू मेलं उड्या मारत होतं! त्यांनी त्याचे दोन्ही गाल चाचपले.

"गाल तर बरे दिसतायत."

"उतरली वाटतं सूज," मी म्हणालो.

शेटजी आत कोनाड्यात, डालड्याच्या डब्यात. मधे एक भिंत. ही दारात उभी राहून एकटक माझ्याकडे बघत होती. बोल की लेका, बोल!

डॉक्टरांनी बॅगेतून एक बारीकशी काचेची नळी काढली, डोळ्यांत औषध टाकतात तसली. जरा वेळ बोटांत फिरवली. "आणखी कुठलं जनावर आजारी आहे का घरात, आण्णा?"

"न्हाई."

हिने चहा दिला. डॉक्टर एरवी कुणाच्या दारात टेकत नाहीत, आज दुसरा कप मागून घेतला. मग पुन्हा, "नक्की नाही ना? लहानसं असलं तरी चालेल. मी बघेन."

"न्हाई हो. आनखी काय असनार आमच्याकडं!"

नळी फडक्यात गुंडाळून त्यांनी परत ठेवली. फटफटीचा आवाज वेशीपर्यंत ऐकत अंगणात उभा राहिलो. हिने कपबशा तेवढ्या उचलल्या.

१८ फेब्रुवारी, रविवार

श्वास घेताना सगळं अंग हलतंय. कापसाने पाणी पाजलं, बाहेरच आलं.

ठरवलं. उद्या डॉक्टर आले की तळहातावर घेऊन जायचं, उघड, सगळ्या छावणीसमोर. हसू दे गावाला. अध्यक्षपणा गेला खड्ड्यात!

१९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डबा उघडला. गार.

लिंबाखाली पुरला. जमीन इतकी कडक की कुदळ लागली — मूठभर जिवाला! फडक्यात गुंडाळताना डाव्या गालातून दोन दाणे गळले. तेवढी शिल्लक ठेवली होती शेटजीने.

ढेकळावर बसून रडलो. कुणी बघत नाही ना, हेसुद्धा रडता रडता पाहून घेतलं. थू माझ्या जिण्यावर!

२१ फेब्रुवारी, बुधवार

झुंबरबाई स्वतःच करडू न्यायला आली. मला तेवढीही आठवण राहिली नव्हती.

दावं सोडता सोडता हळूच विचारलं तिने, "आण्णा, बरं हाय का आता तुमचं त्ये बारकं?"

"तुला कुनी सांगितलं?" मी विचारलं.

"वहिनी बेस्तरवारी रडत आल्त्या माज्याकडं. मंग मीच डॉक्टरास्नी सांगितलं, आण्णा लाजत्यात, तुमीच जावा घरला. त्ये म्हनले, मोठा मानूस हाय, त्यांचं त्यांना सांगू द्या. मी इचारतो."

दोनदा विचारलं होतं त्यांनी.