अकरा नंबरचा हिरवा

४ मार्च

तो माणूस आज पुन्हा प्रदर्शनात आला. सलग तिसरा दिवस! अकरा नंबरच्या चित्रासमोर उभा राहिला, खिशातून भिंग काढलं आणि खालच्या कोपऱ्यातला हिरवा बघत बसला. चित्रात जंगलातली मावशी आहे, तिची नात आहे, त्यांची अख्खी वस्ती आहे — त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग शेजारची चिठ्ठी वाचली. वहीत उतरवून घेतली.

मी हरखले, खोटं कशाला बोलू! बाकीचे येतात, 'छान छान' म्हणतात, चहा पितात नि जातात. खाणीच्या सुनावणीला दोन आठवडे राहिले, वस्तीच्या बाजूने माझीही साक्ष आहे. खालच्या खोऱ्यात खाण आली तर मावशीची वस्ती उठणार. हे शहरातल्या माणसाला डोळ्यांनी दिसावं म्हणून तर हा सगळा खटाटोप! आणि रंगसुद्धा तिथलेच. आठ महिने त्या ओल्या जंगलात, मावशीच्या घरी, जळवा झटकत काढले मी. मावशी दगड आणून द्यायची, मी वाटायचे. प्रत्येक चित्राला चिठ्ठी लावली आहे — हा तांबडा नदीच्या दरडीतला, हा पिवळा वस्तीमागच्या खड्ड्यातला. हिरव्याचीही आहे. मावशीने सांगितलं तसं, कुठला डोंगर, कुठला ओढा, ओढ्याच्या वळणासकट. शाळेत पोरांना 'चित्राखाली नाव-वर्ग घाला' सांगून सांगून मलाच खोड लागली आहे.

५ मार्च

त्याने अकरा नंबर विकत घेतलं! वहिनी म्हणाली, "सुटले बाई! मला वाटलं, सगळी चित्रं आपल्याच भिंतींवर येतात की काय."

९ मार्च



वकीलबाईच्या ऑफिसात गेले होते. (शाळेपासूनची मैत्रीण. वस्तीची बाजू तीच मांडते.) कंपनीची माणसं कागद द्यायला आली होती. त्यांच्यात भिंगवाला! मला बघून मान लववली, अगदी अदबीने.

ते गेल्यावर विचारलं, हा कोण? "तो? त्यांचा दगडांचा तज्ज्ञ. जमिनीत काय आहे ते तो सांगतो, मग ते खणतात. का गं?"

मी पाणी प्यायले.

हिरवा दगड म्हणजे तांबं. मला ठाऊक होतं हे! कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण माझ्या लेखी तो रंग होता, नुसता रंग. कंपनीला खालच्या खोऱ्यातलं लोखंड हवंय. वरच्या डोंगराचं कुणाच्या मनातही नव्हतं. वस्ती उठलीच तर वर सरकायचं, एवढा एकच आधार त्या लोकांना. आणि तोही मी सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर टांगला!

धावत प्रदर्शनात गेले, चिठ्ठी फाडली. मग आठवलं — पुस्तिकेतही छापलं आहे. पाचशे प्रती. निम्म्या वाटून झाल्या.

१० मार्च

दादा म्हणाला, "चित्र खपलं की माणसं हसतात. तू का तोंड पाडून बसलीस?" सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. गल्लीत एक पांढरी गाडी सकाळपासून उभी आहे. शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची असेल. असेल ना?

१३ मार्च

त्याचा फोन! सातवीच्या चित्रकलेच्या तासाला. चाळीस पोरं समोर बादलीचं चित्र काढत होती.

आवाज इतका मऊ! "बाई, त्रास देतोय. तो हिरवा तपासून घेतला. बावीस वर्षांत इतका शुद्ध पाहिला नाही. चिठ्ठीतली जागा बरोबर आहे ना?"

म्हणजे खरवडलं त्याने. माझं चित्र खरवडलं!

तोंडातून निघून गेलं — "तो जंगलातला नाहीच. बाजारातून आणलेली पूड आहे."

"असं? मग चिठ्ठी?"

"शोभेला."

तो हसला. "हरकत नाही. सुनावणीत शपथेवर हेच सांगाल ना?"

एका पोराने विचारलं, "बाई, बादलीला कडी काढू?" मीच त्याच्या बादलीला कडी काढून दिली.

१४ मार्च

रंगवाल्या काकांच्या दुकानात गेले. कॉलेजपासून त्यांच्याकडूनच ब्रश घेते. म्हटलं, काका, तुम्ही मला हिरव्या दगडाची पूड विकलीत का, असं कुणी विचारलं तर —

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "विकली असेन. वय झालं, पोरी. मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही." त्यांचे हात धरून रडले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर!

१६ मार्च

खरं बोलले तर डोंगर गेला. खोटं बोलले तर 'जंगलाचे रंग' म्हणून उभं केलेलं सगळंच खोटं ठरणार, मग मावशीच्या घरासाठी कोण उभं राहील? वकीलबाईला सांगितलं तर खोट्या साक्षीला ती मला उभीच राहू देणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

घर गेलं तर डोंगर उरेल. डोंगर गेला तर काहीच उरणार नाही. हा हिशेब मी कोण करणारी?

१७ मार्च

बोलले. शपथेवर. "हिरवा बाजारातला आहे. चिठ्ठी खोटी आहे."

सभागृहात मागून कुणीतरी हसलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "मग बाकीचे रंग?" मी म्हटलं, ते खरे आहेत. "आणि चित्रातली माणसं?" परत हशा. वकीलबाईने माझ्याकडे बघितलंच नाही. कागद गोळा करत राहिली, एकच गठ्ठा तीनदा नीट केला तिने. भिंगवाला मात्र टक लावून बघत होता. तो हसत नव्हता.

१८ मार्च

पहिल्याच पानावर: 'जंगलाचे रंग बाजारातले!' वहिनीने आधी पेपर लपवला, मग स्वतःच आणून दिला. "वाच. बाहेरून कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं." मुख्याध्यापकांनी काही दिवस येऊ नका म्हणून सांगितलंय. किती दिवस, ते नाही सांगितलं.

१९ मार्च

प्रदर्शनाच्या अभिप्राय-वहीत नवीन पान. एकच शब्द. खोटारडी. अक्षर लहान मुलाचं वाटतं.

२१ मार्च

वकीलबाई आली. बस म्हटलं तर बसली नाही. कंपनीचा नवा अर्ज माझ्यापुढे टाकला. वरचा डोंगर! "ओढ्याच्या वळणासकट. तुझीच वाक्यं आहेत ही."

तेव्हा सगळं सांगितलं. मग ती बसली.

"अगं वेडे! तू नाकारलंस म्हणून तर त्यांची खात्री पटली. ब्रश कुठला तेही लिहून ठेवणारी बाई एका रंगापुरतीच का खोटं बोलेल?" मग अर्ज उचलत — "मला सांगायचं होतंस."

सुनावणी हरल्यातच जमा, म्हणजे घरही घालवलं आणि डोंगरही. दोन्ही माझ्याच तोंडाने! भोकं पाडून बघायची परवानगी त्यांना मिळाली आहे, यंत्र परवा चढणार. मावशीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. उद्या पहिल्या बसने निघते.

२३ मार्च

मावशीच्या घरी. अजून सांगितलेलं नाही.

दारात पाऊल टाकलं तशी म्हणाली, "किती वाळलीस!" पायाच्या जळवा काढल्या, गरम पाणी दिलं. मी नुसतीच तिच्या हातांकडे बघत राहिले. दुपारी वरून यंत्राची घरघर सुरू झाली. नातीने विचारलं, कसला आवाज? मावशी म्हणाली, "असेल काहीतरी." मला बोलता आलं असतं.

ती मला हाकलून देईल याची भीती वाटते. हाकलणार नाही, नुसती बघत राहील, याची त्याहून जास्त.

२४ मार्च

सांगितलं. चिठ्ठी, भिंगवाला, शपथ, सगळं. मावशी चुलीपुढे बसून ऐकत होती. मग पदराने डोळे पुसायला लागली. मला वाटलं रडते आहे — हसत होती!

"अगं, त्या डोंगरात नुसती माती आहे! हिरव्याची जागा आम्ही जावयालासुद्धा सांगत नाही, तुला कशी सांगू? खणू दे. चार झाडं जातील, त्याचं वाईट वाटतं."

आठ महिने तिच्या घरात जेवले मी. आणि तिने मला खोटं सांगितलं होतं. बरं केलं. किती बरं केलं!

मग हसू थांबलं. मला म्हणाली, "आमच्यासाठी तोंड काळं करून घेतलंस. आता तू घरची. चल, खरी जागा दाखवते." काठी घेऊन दारात उभीही राहिली.

मी नको म्हटलं.