सासऱ्यांचे तिसरे कडवे

३ जानेवारी १९८२, रविवार
रेकॉर्डप्लेअर आणला. द्वारका चौकातल्या जमीलभाईंनी आपल्या हॉटेलसाठी टेपरेकॉर्डर घेतला, त्यामुळे हा जुना मला जवळजवळ फुकटच मिळाला. वरची फिरती थाळी मध्येच अडते, एवढाच काय तो दोष. कॅरियरला बांधून गंगापूर रोडवरच्या घरापर्यंत सायकलवर आणला. वाटेत एकदाच पडला.

कारण महत्त्वाचे आहे. सासरे, कै. सावळीराम, जलशात गायचे. आयुष्यात त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. तिची एकच प्रत उरली आहे, ती वत्सलाच्या ट्रंकेत लुगड्यात गुंडाळलेली. २४ तारखेला त्यांना जाऊन वर्ष होते, पहिले पुण्यानुमोदन आमच्याकडे. सासूबाई नामपूरहून येणार. गाण्याची दोन कडवी त्यांना पाठ आहेत, तिसरे काही केल्या आठवत नाही. ते एकदा नवऱ्याच्या आवाजात ऐकायचे आहे, असे त्या मागच्या खेपेला वत्सलाजवळ बोलल्या होत्या.

संकल्प: रिपेअर स्वतः करायचे. माझा रेडिओ रिपेअरिंगचा पोस्टल कोर्स निम्मा झालेला आहे. उरलेला निम्मा तसा महत्त्वाचा नव्हता.

५ जानेवारी, मंगळवार
मशीन उघडले. आत काही विशेष नाही. एक मोटर, एक रबरी चाक, मधोमध खुंटी. मेकॅनिक लोक उगाच भाव खातात. परत बंद करताना काही स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत.

निदान: खुंटी कोरडी. वत्सला म्हणाली, शिलाई मशीनचे तेल आहे, ते घाला. मी म्हटले, शिवणकाम वेगळे, संगीत वेगळे. खोबरेल घातले. शुद्ध, सुवासिक, घरचे. सढळ हाताने घातले.

८ जानेवारी, शुक्रवार, दुपारी ३
हाफ डे टाकला. वत्सला शाळेत शिकवायला गेलेली, घर शांत. थाळीच्या कडेला खडूची खूण केली, रेकॉर्ड लावली, घड्याळ हातात घेऊन फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर पाहिजेत. बरोब्बर अठ्ठ्याहत्तर. तिन्ही कडवी सलग वाजली, थाळी कुठेही अडली नाही.

संध्याकाळी वत्सला म्हणाली, आत्ता लावा ना. नाही म्हटले. उद्घाटन २४ तारखेलाच, सर्वांसमक्ष. ती पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. आनंद झाला असावा.

ऑफिसात सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकले.

११ जानेवारी, सोमवार, सकाळी ७
थंडी कडाक्याची. सहज ट्रायल घेतली. थाळी रेंगाळते. सासरे गात नसून जांभया देत आहेत असे वाटले. वत्सला स्वयंपाकघरातून धावत आली, हे काय म्हणाली. टेस्टिंग म्हटले. मशीन बंद करेपर्यंत ती दारातच उभी.

आज डोक्याला तेलही धड मिळाले नाही. बाटलीत दगड झालेला. विणायच्या सुईने टोचून टोचून काढले. या घरात कुठल्याच वस्तूला शिस्त नाही. वत्सला बाटली उन्हात ठेवून शाळेत गेली.

मशीनचे निदान: व्होल्टेज.

१४ जानेवारी, गुरुवार
व्होल्टेजच. पुरावा भक्कम आहे. दुपारी मशीन उत्तम चालते, सकाळ-संध्याकाळ रेंगाळते. शेजारच्या चिमणाबाईंच्या घरून स्टॅबिलायझर मागून आणला. सकाळी लावला. रेंगाळले. स्टॅबिलायझर खराब आहे असे सांगून परत केला. चिमणाबाईंना राग आला. खरे बोललेले कोणाला आवडत नाही.

एक नवीन शक्यता. सासरे मुळातच संथ गात असावेत. जुन्या लोकांना कसली आली घाई. वत्सलाला हे नीट समजावून सांगितले. ती म्हणाली, माझे वडील असे गात नव्हते. मुलगी म्हटल्यावर पक्षपात आलाच. रात्रीचे जेवण झाकून ठेवलेले मिळाले.

१६ जानेवारी, शनिवार
जमीलभाई भेटले. म्हणाले, एकच प्रत आहे ना, मग पहले कॅसेटवर उतरवून घेऊ, नंतर मशीनशी काय खेळायचे ते खेळा. ‘खेळा’ हा शब्द लागला. घरात अस्सल असताना नक्कल कशाला, असे सुनावले. वत्सलाला यातले काही सांगितले नाही. हट्ट धरून बसेल.

१७ जानेवारी, रविवार
सासूबाई आल्या. सोबत कांद्याची गोणी. पाणीसुद्धा न घेता मशीनसमोर बसल्या आणि ‘हाई बोलस का?’ असे विचारले. २४ तारखेला बोलेल म्हटले. त्या म्हणाल्या, नुसती तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ ऐकवली तरी पुढचे माझे मला आठवेल. तत्त्व म्हणून नाही म्हटले. शिवाय संध्याकाळ झाली होती, व्होल्टेज पडलेले.

वत्सला आणि सासूबाई खूप वेळ हळू आवाजात बोलत होत्या. विषय कळला नाही.

२१ जानेवारी, गुरुवार, सकाळी १०
महत्त्वाचा शोध. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, पण नोंद हवी.

झाडताना अडचण होते म्हणून सासूबाईंनी मशीन उचलून अंगणात उन्हात ठेवले होते. मी संतापून आत आणले, बिघडले का पाहायला चालू केले, तर थाळी दुपारसारखी फिरू लागली. म्हणजे मशीनला ऊब लागते. व्होल्टेजचा संबंध नाही, हे मी आधीपासून म्हणत होतो. शोध माझा. सासूबाईंनी फक्त उचलले.

२३ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ६
सुट्टी. उद्याची जय्यत तयारी. दोघी खरेदीला गेल्या, ते एक बरे झाले. शांतपणे विचार केला. उन्हाने मशीन एवढे सुधारते, तर रेकॉर्डने काय पाप केले आहे? ती तर वर्षभर ट्रंकेत गारठून पडलेली. गल्लीतल्या पोरांचा हात पोचू नये म्हणून न्हाणीघराच्या पत्र्यावर ठेवली. दिवसभर कडक ऊन मिळाले.

आत्ता काढली. हाताला मऊ लागली. ऊब चांगली मुरली आहे. गरम आहे तोवरच लुगड्यात गुंडाळून ठेवली.

उद्याच्या भाषणाचे मुद्दे काढले. विषय: जिद्द.

२४ जानेवारी, रविवार
भन्तेजी आले, वंदना झाली. घर भरलेले, अंगणातही माणसे. मी थोडा वेळ बोललो. वत्सला दोनदा खाकरली, म्हणून जिद्दीचा शेवटचा मुद्दा राहिला.

जमीलभाईंनी आगाऊपणे थाळी उचलली, खुंटीचा वास घेतला आणि हिच्या डोक्याला तेल कोणी लावले म्हणून विचारले. लोक हसले. त्यांनी फडक्याने खुंटी पुसली, वत्सलाकडून शिलाई मशीनचे तेल मागून थेंबभर सोडले. थाळी भिंगरीसारखी फिरली. मी न घातलेल्या तेलाचे एवढे कौतुक.

मग मी लुगडे सोडले. रेकॉर्ड पापडासारखी वाकडीतिकडी झाली होती. तरी लावली. सुई पहिल्याच उंचवट्यावर चढली आणि उडाली. परत ठेवली. परत उडाली. पूर्वीच्या कंपन्या माल हलका वापरत, असे मी सर्वांना समजावले. जमीलभाईंनी विचारले, उन्हात होती का. मी सुई पुसायला घेतली. वत्सलाने माझ्याकडे पाहिले.

सासूबाईंनी रेकॉर्ड मांडीवर घेतली. तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग स्वतःच गाऊ लागल्या. पहिले कडवे झाले. दुसरे झाले. मग थांबल्या. त्या म्हणाल्या, ‘पुढलं येत नही.’

पंगत बसली. मला भूक नव्हती.

२६ जानेवारी, मंगळवार
सासूबाई सकाळच्या गाडीने नामपूरला गेल्या. रेकॉर्ड सोबत नेली.

वत्सला स्टँडवरून परतली आणि परवापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. भांडली असती तर मला उत्तरे देता आली असती, तयार होती. तिने समोर पोस्टकार्ड ठेवले. म्हणाली, त्या शुक्रवारी तिन्ही कडवी तुम्ही पूर्ण ऐकलीत, नंतरही दुपारी ऐकलीत. तिसऱ्यातली एक ओळ तरी सांगा, आईला कळवते.

मी डोळे मिटून बसलो. मनापासून प्रयत्न केला. खडूची खूण फिरून फिरून समोर येताना दिसली. घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. तिच्या बापाचा आवाज चालू होता हेही आठवले. शब्द एकही नाही. मी ऐकत नव्हतो, मोजत होतो.

तसे तिला सांगितले. तिने पोस्टकार्ड उचलले आणि कोरेच आत नेऊन ठेवले.