चौथ्या मजल्यावरच्या आजीबाई

ता. ४ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास,

ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं. पाकीट चांगलं जाडजूड, म्हणून मी हरखले, तर आत दीड पान मजकूर आणि बाकी कोरा कागद. कोऱ्या कागदाला पोस्टाचं तिकीट लावणारा आपल्या घराण्यात तूच पहिला.

आणि ‘आईची ओळ’ पुन्हा नाहीच! विसरलास की काय? बाबा मोजणीच्या कामावर महिनोन्महिने बाहेर असायचे, त्यांची पत्रं म्हणजे नुसती तक्रारींची पोतडी, आणि आई ती वाचून टिपं गाळायची. शेवटी तिनेच कायदा केला, की रडगाणं हवं तेवढं गा, पण सर्वांत खाली एक ओळ अशी हवी, की या दिवसांत कशाने बरं वाटलं. बाबांनी एकदा वैतागून ‘बूट वाळले’ एवढंच लिहिलं होतं. आईने ते पत्र अजून जपलंय. मग तुला काय धाड भरली आहे?

आईला आता डाव्या डोळ्याने मुळीच दिसत नाही. उजव्याने खिडकी कुठे आहे तेवढं समजतं. पण डोळ्यांचं सोड, डॉक्टर म्हणाले की हृदय फार थकलं आहे, महिन्यांच्या गोष्टी करू नका. खटपट्या, तू रजा काढून ये. मागून हळहळण्यात काही अर्थ नाही. मी बोलावते म्हटलं की आई माझ्यावरच डाफरते, पण तू आपण होऊन आलास तर काय हाकलून देणार आहे?

माझी ओळ अशी: धुलाईखात्यात सकाळची पहिली चादर इस्त्रीच्या यंत्रातून निघाली, की आम्ही तिघी बायका मुकादम यायच्या आत तिला गाल लावून घेतो. चार पळं. मग दिवसभर हात भाजतात ते भाजतातच.

आईचे आशीर्वाद. लोभ आटवू नकोस.

तुझी,
ताई

—

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी येऊ शकत नाही. रजा मिळेल, तो प्रश्न नाही.

तुला ठाऊक आहेच, सप्टेंबरात आमचे मिस्तरी लिफ्टच्या विहिरीत पडून गेले. मी वरच्या दारात बॅटरी धरून उभा होतो. त्यानंतर एकदाच उघड्या विहिरीपाशी गेलो, तर दोघांना मला धरून बाजूला बसवावं लागलं. तेव्हापासून गोदामात आहे. सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधतो. बारा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस सुतळीच्या गाठी मारतो. कोणी हसत नाही, उलट सगळे हळू बोलतात, ते जास्त लागतं.

घरी आलो की आई पहिल्यांदा माझे हात हातात घेईल. तिला दिसत नाही म्हणून तर घेईलच. तेलाचा वास नाही, घट्टे गेलेले, हात मऊ पडलेले. तिला विचारावंसुद्धा लागणार नाही. म्हणून फोनही करत नाही, आवाजावरून ती ओळखेल.

वाचून दाखवताना नेहमीसारखं मिस्तरींचं आणि गोदामाचं गाळ. बरा आहे म्हणून सांग. ओळ सुचत नाही. खोलीच्या खिडकीसमोर भिंत आहे, तिच्याबद्दल काय लिहू? तूच काय ते बघ.

आईस शि. सा. न. कळावे.

तुझा,
भाऊ

—

ता. २ मार्च

चि. खटपट्यास,

आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र नर्सबाई लिहीत आहेत. ताई कामावर गेली आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. बाईंना बजावलंय, मी बोलेन तसंच लिहा, मधे शहाणपणा नको. त्या हसत आहेत. (हो, हसत आहे. नर्स.) त्यांचं अक्षर कसं आहे ते तू कळव, त्या स्वतः फार कौतुक करतात.

ताई तुला यायचा आग्रह करते, ते मला कळतं. ती स्वयंपाकघरात जाऊन डॉक्टरांशी कुजबुजते, पण माझे डोळे गेलेत, कान नाहीत. तिचं ऐकू नकोस. तू लहानपणापासून घुमा. कशात रमला नाहीस. आता कुठे तुझं मन लागलंय. दुपारच्या सुट्टीत तुझ्या बाकावर ऊन येतं, तो रखवालदार तुला बुद्धिबळात हरवतो आणि वर शिकवतोही, हे ऐकलं की मला जेवण जातं. आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या आजीबाई! पाय अधू, लिफ्ट बंद, नऊ आठवडे बिचारी घरात कोंडलेली. तू लिफ्ट चालू केलीस, त्या खाली आल्या आणि रस्त्याच्या कडेला नुसत्या उभ्या राहून तुला म्हणाल्या, की रस्ता किती रुंद आहे हे विसरूनच गेले होते. ताईकडून मी ते चारदा वाचून घेतलं. चौथ्यांदा ती चिडली.

तुला हात लावून बघावंसं वाटतं, हे खोटं सांगत नाही. रोज वाटतं. पण असं सुख मोडून माझ्या उशाशी औषधांच्या वासात बसायला मी तुला बोलावणार नाही. मी काही कुठे पळून जात नाही. तू तिथेच राहा, आणि ओळी पाठवत जा.

माझी ओळ: ताई सकाळी चहा ढवळून चमचा कपावर दोनदा आपटते. त्यावरून कळतं, उजाडलं.

तुझी,
आई

—

ता. १० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. सोबत आईचं पत्र आहे, ते वाच. कोणता बाक? कोण रखवालदार? आणि त्या आजीबाई कोण, ताई?

मी सहा महिने एका लिफ्टला हात लावलेला नाही. ज्या विहिरीची मला स्वप्नं पडतात तिच्यातूनच तू म्हातारी वर-खाली केलीस. हे पत्र मी गोदामात उभ्याने वाचलं आणि तिथेच रडलो, तू खूश हो. ‘तूच काय ते बघ’ म्हणालो त्याचा अर्थ हा नव्हता.

माझ्या नावावर एक दुसराच माणूस जगतो आहे आणि आईचा जीव त्याच्यावर जडला आहे. मला मात्र तिने तिथेच राहा म्हणून कळवलं. तुला काय मिळालं यातून?

भाऊ

—

ता. १७ मार्च

चि. खटपट्या यास,

अ. उ. आ.

शिव्या कमी दिल्यास. मी जास्तीची तयारी ठेवली होती.

तर ऐक. ऑक्टोबरातलं तुझं पत्र आठव. चार वाक्यं होती. मी वाचून संपवलं, तरी आई मान तिरकी करून तशीच बसून राहिली, ओळीची वाट बघत. मी म्हणाले, की त्याला एक बाक सापडलाय, तिथे जेवताना ऊन येतं. नुसतं तोंडातून गेलं. ती अशी काही सुखावली, की त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. मग मला सवयच लागली. चादरी दाबताना मी तुझ्यासाठी सुखं शोधत बसायची. बाक माझाच आहे, आमच्या आवारातला. बुद्धिबळवाला रखवालदार आमच्या फाटकावर असतो, आणि हरते मी. आजीबाई तेवढ्या सगळ्याच खोट्या. आई वर्षभर जिना उतरली नाही, तिच्यावरूनच मला सुचल्या असतील. त्यांच्याबद्दल तुझी माफी मागते. विहिरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही, हा माझा बावळटपणा.

आता खरं दुखणं सांगते. मी तुला सुखी केलं, आणि सुखी मुलाला घरी बोलवायचं नाही असं आईने ठरवून टाकलं. गेल्या आठवड्यात तिला धाप लागली. सावरल्यावर तिने पहिल्यांदा हेच विचारलं, की खटपट्याला कळवलं नाहीस ना. मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझ्याच हाताने मी तुझी वाट बंद केली. आता मी खरं सांगितलं, तर तिला वाटेल की तुला बोलवायला थापा मारते आहे. मी तिला चांगलं ओळखते, आणि तीही मला.

म्हणून तू लिही. आईच्याच नावाने. मिस्तरी, गोदाम, भिंत, सगळं. मी एकही शब्द गाळणार नाही आणि एकही घालणार नाही. तिच्या हृदयाला सोसेल का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. पण ती एका भलत्याच मुलाला आशीर्वाद देत गेली, तर ते मला जन्मभर सोसणार नाही.

राग धर, पण लिही.

ताई

—

ता. २७ मार्च

ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हे ताई वाचते आहे. शब्द माझेच आहेत. ताई, मधे थांबू नकोस.

आई, मी रमलेलो नाही. माझे मिस्तरी सप्टेंबरात गेले. लिफ्टच्या विहिरीत पडले. त्यांनी मला हे काम शिकवलं होतं. पाना चुकीचा दिला की ते बोलायचे नाहीत, नुसता हात पुढे धरून ठेवायचे, मी बरोबर पाना देईपर्यंत. त्या दिवशीही त्यांचा हात पुढेच होता, पण मी दोन पावलं लांब होतो. माझी चूक नव्हती, असं सगळ्यांनी लिहून दिलं आहे. तो कागद माझ्यापाशी आहे. त्याने काही होत नाही.

आता मी गोदामात चिठ्ठ्या बांधतो. खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत आहे. सकाळ झालेली घड्याळावरून कळते. जेवण एकटाच जेवतो, ताटलीतून नव्हे, भांड्यातूनच. बाक नाही, रखवालदार नाही, आजीबाई नाहीत. ते ताईने तुझ्यासाठी रचलं. तिला बोलू नकोस, कारण मी गप्प राहिलो म्हणून तिला बोलावं लागलं.

मी यायला घाबरत होतो, माझे हात मऊ पडलेत ते तुला कळेल म्हणून. आता सांगूनच टाकलं.

आई, मला घरी यायचं आहे. तुझ्या खाटेपाशी खाली बसायचं आहे. तू बोल, रागव, नाहीतर गप्प राहा. तुझी ओळ माझ्यापाशी नाही. खूप शोधली, खोटी लिहायची नाही म्हणून लिहीत नाही. येऊ का, एवढंच कळव.

तुझा,
खटपट्या

—

ता. ४ एप्रिल

चि. खटपट्या यास,

अ. उ. आ.

काल कामावरून लवकर आले, आईला उशा लावून बसवलं, आणि तुझं पत्र वाचलं. जसंच्या तसं. मला थांबू नकोस म्हणालास, तरी मिस्तरींच्या हातापाशी थांबले, तेवढं माफ कर. आईने पुढे म्हणून हाताने खूण केली.

संपेपर्यंत मी तिची नाडीच धरून बसले होते. मग तिने विचारलं, की आजीबाई खरंच नाहीत का. मी नाही म्हणाले. तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, मग बिचारी अजून वरच असेल. कोण, कुठली, ती मुळी नाहीच, असं मी दोनदा सांगितलं. ते तिला पटलं असं वाटत नाही. मिस्तरींना घरी कोण कोण आहे, हेही विचारलं. मला सांगता आलं नाही. तू आलास की सांग.

माझ्यावर ती रागावली. पण पाच महिने खोटं बोलले म्हणून नाही. तू एकटा भांड्यातून जेवतोस हे मला इतके दिवस कसं कळलं नाही, म्हणून रागावली. मी ऐकून घेतलं. चूक माझीच होती.

त्यानंतर तिने शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला. मला घरी यायचं आहे, तिथपासून. मी वाचला. पुन्हा म्हणाली. पुन्हा वाचला. आणि खटपट्या, आई हसली. इतक्या महिन्यांत मी तिला काय काय रचून ऐकवलं, त्यावर ती बरं वाटून घ्यायची, मान डोलवायची, जेवायची. अशी हसली नव्हती. अख्ख्या पत्रात सुखाचा एक शब्द नाही, आणि ही बाई डोळे पुसत हसते आहे. मी विचारलं, की अगं झालं काय. ती म्हणाली, की मला वाटलं होतं त्याचं सगळं भागलं. त्याला मी अजून लागते.

मग कामाला लावलं मला. तुझी खाट बाहेरच्या खोलीत नको, तिच्या खाटेला चिकटून हवी. कपाट सरकवावं लागलं. ते नर्सबाईंनी आणि मी सरकवलं, आता माझी कंबर धरली आहे. नर्सबाईंचं म्हणणं, की अशा अवस्थेत माणसं कधी कधी अशीच हुशारतात, त्यावर फार भिस्त ठेवू नका. मीही ठेवत नाही. रात्रीची धाप तशीच आहे आणि आज सकाळी पायांवर सूज होती. डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस. आई म्हणते, तू येईपर्यंत. कोणाचं खरं ठरेल, ते मला ठाऊक नाही. म्हणून उत्तर लिहीत बसू नकोस, मिळेल त्या पहिल्या गाडीने नीघ.

तुझ्या पत्रावर आईचा हात आहे. घडी करून ठेवते म्हटलं तर देत नाही.

लोभ आहेच, तो काय मागायचा. ये.

तुझी,
ताई