बासष्टचं माप

४ मार्च २०१३, सोमवार

ओलिंदो आला होता. दारातूनच हुकूम — "रेदेन्तो, सायकलची फ्रेम कर एक. पोलादी, सांधे पितळेने झाळलेले, पूर्वीसारखी. आणि माप बासष्टचं!"

म्हटलं, उभा राहा, माप घेतो. मी फीत काढल्याबरोबर गडी दोन पावलं मागे. "माप कशाला? बासष्टचं तुला पाठ आहे की!"

पाठ आहेच. सीटखालची नळी सत्तावन्न, वरची आडवी छप्पन्न. बासष्ट साली एकविशीचे होतो. दोघांत मिळून एक सायकल आणि दोघांच्या अंगाला एकच माप. एका रविवारी शर्यतीत तो, पुढच्या रविवारी मी. सीटला कधी हात लावावा लागला नाही. पण आता बहात्तरीचा आहे लेकाचा! साठी बुद्धी नाठी, तर बहात्तरीचं काय म्हणावं?

"कधी हवी?"

"ईस्टरला. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जायचंय."

हो म्हणून बसलो.

५ मार्च

एक गोष्ट आज सकाळी कॉफी उकळताना लक्षात आली. माझ्या तळघराच्या दाराची चौकट बुटकी. ओलिंदो इतकी वर्षं येतोय आणि दर वेळी कपाळ आपटून चौकटीला शिव्या घालतोय. मी शहाणा झालो, माझी मान आपोआप वाकते. तो कधी शहाणा झाला नाही. आणि काल? ताठ आला, ताठ गेला! टोपीसुद्धा घासली नाही.

माझा ओलिंदो बुटका झालाय.

६ मार्च

पाऊस. नळ्या आल्या. हातात घेऊन वाजवून बघितल्या — छान.

९ मार्च, शनिवार

ओलिंदो चौकटीला टेकून नव्या सरकारवर तोंडसुख घेत होता. सरकार अजून झालेलंच नाही, पण याच्या शिव्या तयार. म्हटलं, हलू नकोस, मानेमागे कोळी आहे. आणि टाळूला टेकवून चौकटीवर खडूची रेघ ओढली! त्याला पत्ता नाही. तो गेल्यावर मोजली. चार बोटं कमी झालाय.

पाय कमी होत नाहीत. आखडते ती पाठ. म्हणजे सीटची नळी तीच राहील, पण हँडल जवळ हवं आणि वर हवं. बासष्टच्या मापावर हा बसला तर वाळत घातलेल्या चादरीसारखा लांब पडणार, आणि मान उचलणार कशी? गेल्या ऑक्टोबरात तेच झालं. दुकानातून आणलेली ती लांबलचक सायकल, उतार, मान वर होईना, समोरून मोटार. नशिबाने खड्ड्यात गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढच्या वेळी खड्डा नसेल.

त्याला सांगितलं तर? "मला म्हातारा म्हणतोस!" म्हणून सहा महिने तोंड दाखवणार नाही. असं झालंय एकदा. पत्त्यांच्या एका डावावरून.

१० मार्च, रविवार

शेजारची नीवेसताई सूप घेऊन आली. ओलिंदोचे कोट तीच शिवते, म्हणून आडून विचारलं.

"पाठ दोनदा आखूड केली त्याची," म्हणाली. "मागून कोट वर जातो, पुढून लोंबतो. म्हातारपण! आणि तुझीसुद्धा—"

"माझं राहू दे," म्हटलं. "हाताचं माप सांग."

हसली. का हसली कोण जाणे. मग नेहमीचं सुरू — माझी एल्डा जाऊन तीन वर्षं झाली, फाटकाबाहेर कधी पडणार, भोपळ्यासारखा तळघरात किती दिवस पडून राहणार. म्हटलं, मला काम आहे. "काम!" म्हणाली, "मला नको सांगूस. सायकल देऊन टाकलीस त्याच दिवशी मी ओळखलं."

दिली, हो. एल्डाची आणि माझी, दोन्ही. अंगणात शेजारीशेजारी टेकलेल्या बघवत नव्हत्या. त्यात ओळखण्यासारखं काय आहे?

सूप खारट होतं. प्यायलो.

१२ मार्च, मंगळवार

ठरवलं. वरची नळी त्रेपन्न करणार. छप्पन्न नाही!

गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप गुपचूप बदलायचं, हे आयुष्यात केलं नाही. वाद घातले, एक-दोघांना हाकलून दिलं, पण लपवून नाही. हातात करवत धरून बराच वेळ उभा होतो. मग कापली. कापलेली नळी वाढत नसते, त्यामुळे आता विषय संपला.

१५ मार्च

दिवसभर कानस. नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या पोटाला असं बसलं पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये. पूर्वी एका सांध्याला अर्धा तास लागे. आज सकाळ गेली. पण बसलं! बोटांना अजून कळतं.

ओलिंदो आला तेव्हा साच्यावर पोतं टाकलं.

"काय रे, बाळंतीण आहे का आत?"

"हवा लागली की गंजतं," म्हणालो. काहीही! त्याला पटलंसुद्धा.

१९ मार्च, मंगळवार

आज ज्योत पेटवली. पितळ नीट धरावं म्हणून सांध्यांना सवागीची पूड कालवून फासली, चष्मा लावला, आणि मग काही आठवेना झालं — वय नाही, पाठ नाही, काही नाही. पोलाद आधी निळं होतं, मग सवागी फसफसते, मग काचेसारखी वितळून पसरते. मग नळी लालसर. घाई करायची नाही. पितळेची कांडी टेकवायची आणि वाट बघायची. पितळ ढकलून जात नाही, जिथे ऊब आहे तिथे आपणहून धावतं. सांध्याच्या एका कडेने आत गेलं आणि दुसऱ्या कडेला बारीक सोनेरी रेघ उमटली. मी मोठ्याने "शाब्बास!" म्हणालो. तळघरात एकटाच.

एल्डा वरून विचारायची, "कोणाशी बोलतोस रे?" आज कोणी विचारलं नाही.

२० मार्च

उजवं मनगट सुजलंय. सुट्टी.

२२ मार्च, शुक्रवार

थोडक्यात वाचलो. मागची नळी झाळताना वाफ निघायला भोक पाडायचं विसरलो होतो! दोन्ही तोंडं बंद झाली की आतली तापलेली हवा पितळ थुंकून बाहेर पडते, नाहीतर नळीच फोडते. ज्योत जवळ नेली आणि आठवलं. शिकाऊ पोरासारखी चूक. ज्योत विझवून ग्रापा दारूचा एक पेला घेतला. मग भोक पाडलं.

२६ मार्च, मंगळवार

सगळे सांधे झाले. गरम पाण्यात सवागी धुतली, सपाट टेबलावर ठेवून तपासली. सरळ! एका जागी कागद सरकतो, तेवढं चालतं.

ओलिंदो विचारत होता, "माप बासष्टचंच ना?" त्याच्याकडे न बघता हो म्हणालो. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. पण ती मोटार डोळ्यांपुढून जात नाही. माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, जिवंत राहून न बोलू दे.

३० मार्च, शनिवार

रंग अजून दिलेला नाही. ओलिंदोच्याच जुन्या सायकलची चाकं-हँडल बसवली. अंगणात टेकवून ठेवली. सुंदर झालीय. माझं मीच म्हणतोय, पण झालीय! उद्या नीवेसताईकडे जेवण आहे, ओलिंदोही आहे. उद्या काय ते होईल.

३१ मार्च, ईस्टर

सायकल पोत्याखाली झाकून नीवेसताईच्या अंगणात नेली आणि जेवण होईपर्यंत कळ काढली. मटार-भात झाला, कोकरू झालं, मग म्हटलं, चल, तुझी सायकल बघ.

आनंदाने भोवती फिरला. सांध्यांवरून अंगठा फिरवला. "काय रेघ आहे रे ही!" मग थांबला. वरच्या नळीवर वीत ठेवली. एक, दोन... आणि माझ्याकडे बघितलं.

"आखूड केलीस."

सगळं ओकून टाकलं मी. चौकट, कोळी, खडू, मोटार. "तू लहान झालायस ओलिंदो, आणि मला तुझ्या मयताला यायचं नाहीये! बोलू नकोस माझ्याशी, पण बस हिच्यावर."

ओरडेल वाटलं होतं. तो पायरीवर बसला, कपाळाला हात लावून.

"माझ्यासाठी आहे असं म्हणालं कोण?"

"तूच! बासष्टचं माप—"

"बासष्टला सायकल एक होती गाढवा, आणि आपण दोघं होतो! तुझ्यासाठी आहे ही. सरळ सांगितलं असतं, तर केली असतीस? स्वतःसाठी? तीन वर्षं बघतोय तुला. उद्या टेकडीवर तुला न्यायचं होतं मला."

चार आठवडे त्याच्या पाठीची काळजी करत बसलो, आणि तो माझी. आणि मी काय केलं? त्याची भेट कापून आखूड केली.

नीवेसताई खिडकीत उभी राहून हसत होती. "आधी बसून तर बघ," म्हणाली. मी बसलो नाही. सायकल तिथेच टाकून घरी आलो. पाण्याने भरलेले डोळे कोणाला दाखवायचे?

१ एप्रिल, सोमवार

सकाळी सकाळी सायकल घेऊन दोघं दारात. ओलिंदोने मागून सीट धरली. "बस!" म्हटलं, मला आखूड होईल, गुडघे हँडलला लागतील. "बस तर!"

बसलो. कोपर सैल. मान वर. समोर अख्खा डोंगर दिसतोय. केसभरही इकडेतिकडे नाही.

उतरलो आणि तळघराच्या दाराशी गेलो. या वेळी मान वाकवली नाही. ताठ उभा राहिलो आणि टाळूवर हात ठेवून चौकटीला टेकवला. बोटं बरोबर ओलिंदोच्या खडूच्या रेघेवर.

"झालं का माप?" ओलिंदो अंगणातून ओरडला. "चल आता, ऊन चढतंय!"