परत येण्याचा शिक्का

प्रिय वहिनी,

आज सकाळी चौकीतून हवालदार आला होता, तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जाची चौकशी करायला. दारातच उभा राहून त्यानं कागदावरचं वाचून दाखवलं. जन्म युगांडा, पासपोर्ट ब्रिटिश, राहणार वाशी. मग विचारलं, "बाई आहेत का घरात?"

दादा कारखान्यात, अजित शाळेत. मलाच सांगावं लागलं की बाई मार्गशीर्षात गेल्या. त्यानं टोपी काढली, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मग वर काय कळवू? इथं राहतात की नाही, एवढंच लिहायचं असतं आमाला."

काय सांगायला हवं होतं मी? तो गेल्यापासून हाताला काम लागत नाहीये, म्हणून तुला लिहायला बसले.

बहात्तर साली दादा तुला घेऊन आला तो दिवस मला आठवतो. कंपालातल्या लष्करी राजवटीनं सगळ्या भारतीयांना हाकललं, तुझी आई आणि भाऊ इंग्लंडात लेस्टरला गेले, आणि तू भारतीय पासपोर्टवाल्या नवऱ्याच्या मागून इकडे आलीस. मी तुला 'अहो वहिनी' म्हटलं, तर म्हणालीस, "अहो काय गं? तू म्हण. मला इथं कुणीतरी तू म्हणणारं पाहिजे."

तुझं मराठी आमच्याहून जुनं होतं. तुझ्या आजोबांनी रत्नागिरीहून बोटीतून नेलेलं, तसंच्या तसं. आणि सरकारच्या लेखी तू परदेशी! दरवर्षी राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा, पोलिसांना तोंड दाखवायचं. दादाला पाळीमुळे रजा मिळायची नाही, म्हणून मी तुझ्याबरोबर यायचे. मुंबईच्या कचेरीत म्हणायचे, "वाशी आमच्याकडे येत नाही, ठाण्याला जा." ठाण्याला म्हणायचे, "हे मुंबईचं काम." तू मात्र कधी आवाज चढवला नाहीस. बाहेर आल्यावर नुसती म्हणायचीस, "पोले पोले, नलू." हळूहळू होईल. मला चीड यायची त्या शब्दांची.

दादा सारखा सांगायचा, "भारतीय हो एकदाची, कटकट मिटेल." तू म्हणायचीस, "आई तिकडे आहे तोवर हा पासपोर्ट सोडवत नाही." नावाला ब्रिटिश असला तरी त्या पासपोर्टावर तुला परवानगीवाचून इंग्लंडात राहता येत नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. तरी तो तुला का हवा होता? मला तेव्हा कळायचं नाही.

मग तुझ्या भावाची तार आली. आईला अर्धांगाचा झटका, लवकर निघ.

आणि नेमका परवाना संपलेला. तो वाढवायला दिलेला पासपोर्ट ठाण्याच्या कचेरीत अडकलेला, फाईल साहेबांच्या टेबलावर, साहेब बंदोबस्तावर. इंग्लंडला जायला ब्रिटिश कचेरीत मुलाखतीचा दिवस मिळाला होता, पण हातात पासपोर्ट नसताना तिथं जाऊन करणार काय? मुलाखतीच्या आदल्या दिवशी आपण ठाण्याच्या कचेरीत सकाळपासून बाकावर बसलो होतो. तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. दुपारी साहेब आले. त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, "तुम्ही गेलात की परत येणार कशावरून?"

"माझा मुलगा इथं आहे."

"त्याला नेणार नाही ना बरोबर?"

तू माझ्याकडे पाहिलंस. अजित तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. आजीनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला न्यायचंच असं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. तू म्हणालीस, "नाही नेणार."

सही झाली, पासपोर्टावर परत येण्याचा शिक्का बसला. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून तू म्हणालीस, "नलू, मी माझं पोर ओलीस ठेवून आले गं."

दुसऱ्या दिवशी गोऱ्या अधिकाऱ्यानं उलटं विचारलं. तिकडे आई, तिकडे भाऊ, मग तुम्ही इंग्लंडातून परत का जाल? तू तिथंही अजितचंच नाव घेतलंस. एकाला वाटत होतं तू येणार नाहीस, दुसऱ्याला वाटत होतं तू जाणार नाहीस. दोघांनी मिळून तुला दोन महिने दिले. त्या मुदतीत परतलीस तर भारतात आत घेऊ, नाहीतर नव्याने अर्ज, आणि तो मंजूर होईलच असं नाही.

तू गेलीस. पहिली पत्रं बरी होती. आई बोलू लागलीय, डावा हात हलवतेय. मग एक आलं, 'आई रात्रंदिवस माझा पदर धरून ठेवते. भाऊ म्हणतो, वकील गाठू, इथंच राहा, अजितला नंतर बोलावून घेऊ.' त्यापुढे एवढंच, 'अजितला लोणी-साखर पोळी आवडते, मेथीची भाजी लपवून घालत जा.'

दादानं ते पत्र वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. दिवाळे गावची कोळीण मासे द्यायला आली की दारातच विचारायची, "वयनी आली का गो?" एकदा मी नाही म्हटल्यावर ती पाटी उचलता उचलता म्हणाली, "आयेला तशी टाकून कशी येल ती?" दादा आतल्या खोलीत होता. त्यानं ऐकलं.

मुदत संपत आली तरी विमानाचं काही कळलं नव्हतं. दादानं ट्रंककॉल लावला. लाईन मिळाली तेव्हा तुझा भाऊ फोनवर आला आणि म्हणाला, "ताई आईजवळ बसलीय. तिच्यावर जबरदस्ती करू नका." दादानं फक्त एवढं म्हटलं, "तिला सांग, तिनं ठरवावं. मी काही म्हणणार नाही." आणि फोन ठेवून तो सोसायटीच्या मागच्या चिखलात, खाडीच्या कडेनं लांबवर चालत गेला.

तुझी तार दुसऱ्या दिवशी आली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तू विमानतळावर उतरलीस. त्या विमानातली सगळी माणसं बाहेर आली, हार झाले, रडणी झाली, टॅक्स्या गेल्या. तू नाहीस. आत तुला बाजूला बसवून ठेवलं होतं, परत येण्याचा शिक्का खरा की खोटा ते पाहायला. अजित माझ्या कडेवर झोपून गेला. दादा कठडा धरून उभा होता.

मग तू आलीस. केस विस्कटलेले, हातात एकच बॅग. दादा म्हणाला, "झालं?" तू म्हणालीस, "झालं." अजितला उचललंस तर अर्धवट झोपेत तो तुला ओळखेना, माझ्याकडे झेपावला. तेव्हा तू पहिल्यांदा रडलीस.

खाडीच्या पुलावर टॅक्सीत तू मला हळूच सांगितलंस, "आईनं विचारलं, परत कधी येशील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी." पण पुढच्या वर्षी ब्रिटिश कचेरीनं तुला नाकारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एक दिवस कुणाशी न बोलता तू नागरिकत्वाचा अर्ज भरून टाकलास. तो पासपोर्ट सोडताना तुला काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलं नाही.

एका गोष्टीवरून मात्र मी तुझ्यावर रागावले आहे. छातीत दुखत होतं, तर सांगायचं नाही का? "कागद एकदा पुरे होऊ देत, मग दवाखाना," हे काय बोलणं झालं? आयुष्यभर कचेऱ्यांच्या तारखा पाळल्यास, डॉक्टरची एक पाळली असतीस तर?

वहिनी, तुझ्या आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो, तिला सोसायचं नाही. ती रोज विचारते म्हणे, कुमुदचं पत्र का नाही. मे महिन्यात अजितची शाळा सुटेल. मी माझे कागद भरायला घेतलेत आणि त्याचेही. लागतील तितक्या वेळा मी त्या रांगेत उभी राहीन, पण त्याला त्याच्या आजीसमोर नेऊन बसवीन. आणि तू गेल्याचं तिला मीच सांगेन, तिचा चांगला हात हातात धरून.

तुझी,
नलू