रिकाम्या कॉमेंटची जागा

सर, आज दुपारी ख्राइस्टचर्चमध्ये तो कोरडा, उबदार वारा सुटला होता. त्यानं इथली माणसं चिडचिडी होतात, मी मात्र पेंगते. खिडकीशी बसून मी पाण्याच्या पंपांचा एक जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणत होते. शेजारी बसणारा मुंबईचा सहकारी म्हणाला, "अगं, जुन्यावर मस्त चालायचं हे. इथे हीप्स ऑफ एरर्स येतायत. कोणी लिहिलंय?" मी पाहिलं, तर एका मॅक्रोत दोन नावांच्या मध्ये रिकामी कॉमेंट होती, म्हणजे माणसासाठी टीप लिहायची खूण, पण आत काहीच नाही. पुढचं तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, कारण मी तुमच्या वर्गात जाऊन बसले होते.

तुमच्या बाहीवर खडूची पूड आहे, टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. "आधी हातानं उलगडा, मग यंत्राला विचारा," हे तुमचं ठरलेलं वाक्य. मॅक्रो म्हणजे लांबलचक मजकुराला ठेवलेलं छोटं नाव. प्रीप्रोसेसर त्या नावाच्या जागी मजकूर भरतो, आणि तेच भरणं तुम्ही आमच्याकडून ओळीओळीनं करून घेता. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर दोन तुकडे लिहिता, मध्ये रिकामी कॉमेंट. "ही गळून पडते, तुकडे जुळतात, एक नाव होतं." मी उभी राहते. घरी नवा कॉम्प्युटर आलाय आणि माझी अक्कल उतू चालली आहे. "नाही सर, तिच्या जागी मोकळी जागा राहते. नावं दोनच राहतात." घरच्या कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर छापून आणलेला कागद मी सगळ्यांना दाखवते. मागच्या बाकांवरून टाळ्या पडतात. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही तो सावकाश वाचता, "तुझं बरोबर असेल," म्हणता आणि फळा पुसता. त्यानंतर तुम्ही आम्हाला एकदाही हातानं उलगडायला सांगितलं नाही. पाठकोरे कागद कपाटावर धूळ खात राहिले. तुम्ही गेल्याचंही मला फार उशिरा कळलं.

आज मी एक पाठकोरा कागद घेतला आणि तो मॅक्रो दोनदा उलगडला, एकदा जुन्या प्रीप्रोसेसरच्या रीतीनं, एकदा नव्याच्या. जुन्यात कॉमेंट खरोखरच गळून पडायची. पंपांचा हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेच माहीत होतं, आणि इतकी वर्षं लोकांच्या नळाला पाणी येत राहिलं. कॉमेंट काढून मी तिथे दोन नावं जोडणारं नव्या पद्धतीचं चिन्ह घातलं, आणि एरर्स गेले. "स्वीट अ‍ॅज," सहकारी इथल्या लोकांसारखं खुशीत म्हणाला. "पण हे हातानं करायला कोणी शिकवलं तुला?" मी तुमच्याबद्दल आणि त्या दिवसाच्या वर्गाबद्दल सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे सर चुकले नव्हते?" मी म्हटलं, "दोघंही बरोबर होतो, यंत्रं वेगळी होती." तो समाधानानं कॉफी आणायला गेला. मला मात्र माझीच लाज वाटली, कारण हे मला आज कळलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या वर्गाच्या आदल्या दिवशी मी तोच मॅक्रो लॅबमधल्या जुन्या यंत्रावरही चालवला होता. तिथे एकच नाव छापून आलं होतं, तुम्ही सांगितलंत तसंच. तो दुसरा कागदही माझ्या वहीत होता, सर. टाळ्या थांबल्यावरसुद्धा मी तो बाहेर काढला नाही.